नाकावरचा रुमाल

"मासळीचं पाणी आहे," जितेंद्र म्हणाला आणि त्याने रुमाल पुन्हा नाकावर धरला.

उत्तनच्या बंदरावर दहा चाकी ट्रक उभा होता. मागच्या डाव्या चाकाच्या आतून काहीतरी ओघळत होतं. खाली थाळीएवढा काळपट डाग पडला होता. ट्रान्सपोर्ट कंपनीचा हा मेन्टेनन्स सुपरवायझर डागापासून चार पावलं लांब उभा होता. त्याहून जवळ तो कुठल्याच गाडीच्या जात नसे. मीरा रोडला पूनम सागरमध्ये आठव्या मजल्यावर राहायचा आणि बंदरावर आला तरी आठव्या मजल्यावरूनच बोलायचा. पायात पांढरे बूट. मासळीच्या गाड्या तपासायला पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

"सर, एकदा वाकून बघा ना," ड्रायव्हर लोकेश म्हणाला. "कालपासून ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढतेय. मला घोडबंदरचा घाट उतरायचाय. मागे बारा टन माल आहे."

"डिप्लोमा तू केलायस की मी? ही एअर ब्रेकची गाडी आहे, हवेवर चालते. हिला ब्रेक ऑइल नसतंच, तर गळणार काय? तुमच्या पेटीतला बर्फ वितळतो, त्याचं पाणी पाइपातून चाकाशी येतं. सकाळपासून तीन गाड्या सोडल्या. तिन्हींखाली हेच होतं."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हीच तर मेख होती. एअर ब्रेकच्या गाडीला ब्रेक ऑइल नसतंच. मासळीच्या पेटीचं पाणी चाकाशीच गळतं. माणूस चुकावा आणि त्याची वाक्यं बरोबर असावीत, मग दहावी नापास ड्रायव्हरने भांडायचं कशाच्या जोरावर? शिवाय गाडी नेत नाही म्हणणाऱ्याला जितेंद्र आठवडाभर घरी बसवायचा. लोकेशच्या बायकोला, निशाला, सातवा महिना होता. तो केबिनकडे वळला. घाट मात्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

जितेंद्रने मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये गळतीपुढे 'नाही' असं टिपलं आणि तो वळला.

"ह्ये पानी मासलीचं न्हाय."

पालथ्या टोपलीवर बसलेली कतरीनबाय बोलली होती. पाली गावची, साठी उलटलेली. ट्रकमधली अर्धी मासळी तिचीच. ती मघापासून तिथेच होती, पण जितेंद्रला असल्या बायका दिसत नसत, त्यांचा फक्त वास यायचा.

त्याने तिच्याकडे न बघता लोकेशला विचारलं, "ही पण इंजिनियर का?"

माल भरणारे दोघं-तिघं हसले. साहेबाच्या विनोदाला हसायचं असतं, म्हणून हसले.

"मांजरी बघ," कतरीनबाय म्हणाली. "तिथं पायपाखाली चाटतान. हितं एक पन न्हाय."

खरंच, पाइपाखालच्या पाण्यावर चार मांजरी तुटून पडल्या होत्या. हातभर अंतरावरच्या काळ्या डागाकडे एकही फिरकत नव्हती.

"म्हणजे आता गाड्या मांजरांनी तपासायच्या!" जितेंद्र म्हणाला. "मावशी, तुमचा जन्म या घाणीत गेला. तुम्हाला सगळ्याचा वास सारखाच."

कतरीनबाय उठली. तिने पदर खोचला, सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्या नाकावरचा रुमाल ओढून घेतला. पांढराशुभ्र, सेंट मारलेला, कोपऱ्यात नावाचं अक्षर काढलेला रुमाल. तो घेऊन ती चाकाशी बसली. आत हात घालून तिने तो चाकावर खसाखसा फिरवला आणि आणून त्याच्या हातात कोंबला.

"घे. आता धर नाकाला."

त्याने धरला नाही. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो बंदरावर उघड्या नाकाने उभा होता, आणि वास आपल्या पायांनी वर आला. मासळीचा नव्हता. गंधकासारखा, उग्र, नाकात चढणारा. गिअर ऑइल. चाकातलं सील फुटलं की मागच्या अॅक्सलमधलं हे तेल आत शिरतं आणि ब्रेकचे लायनर भिजवतं. भिजलेला लायनर धरत नाही. उतारावर तर नाहीच नाही. डिप्लोमाच्या वर्गात हे त्याला शिकवलं होतं, परीक्षेत त्याने ते लिहिलंही होतं.

आता कुणी हसत नव्हतं. लोकेशने गाडीची चावी काढून खिशात टाकली आणि तो चाकाशेजारी जमिनीवरच बसला.

"बसतंस काय रं? माल उतरवा, बरफ मागवा!" कतरीनबाय ओरडली. तिची मासळी उन्हात येणार होती, पण तिने लोकेशच्या डोक्यावरून हात फिरवला तो सावकाश.

जितेंद्र एका हातात काळा रुमाल आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन उभा होता. मोबाइलवर आजच्या तारखेखाली ओळीने चार वेळा 'नाही' लिहिलेलं होतं. त्याने त्या ओळींवरून अंगठा फिरवला. मग बोलला तेव्हा त्याचा आवाज आठव्या मजल्यावरचा नव्हता.

"लोकेश," तो म्हणाला, "सकाळच्या तीन गाड्या आता कुठवर पोचल्या असतील रे?"