दोन्ही बाजू कोऱ्या

"मुलगा तयार, तारीख तीच, दादरचा हॉल अजून आपल्याच नावावर. मग घोडं अडलंय कुठं?" हितेंद्रमामाने विचारलं आणि चहाची बशी तोंडाला लावली.

मामा सकाळीच शीवहून आला होता, भाचीचं मोडलेलं लग्न पुन्हा जुळवायला. आधी जुळवलंही त्यानंच होतं, त्यामुळे मोडल्याचा राग नवरीपेक्षा त्याला जास्त. मुलाकडच्यांची अट एकच होती. दर्शनानं ते कोरियन सोडायचं. येत्या रविवारची परीक्षा द्यायची नाही, आणि पास झाल्यावर मिळणारी दुभाष्याची नोकरीही धरायची नाही. बाकी त्यांचं काही म्हणणं नव्हतं. हातपाय बांधायचे, बाकी पोरगी मोकळी!

दर्शना खिडकीशी कार्डं घेऊन बसली होती. एका बाजूला कोरियन शब्द, मागच्या बाजूला मराठी अर्थ. अर्थ आठवला की कार्ड बिस्किटांच्या डब्यात, नाही आठवला की परत गठ्ठ्याच्या तळाशी. लालबागच्या त्या दीड खोलीत, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या टीव्हीच्या आवाजात, तिनं असे शेकडो शब्द डब्यात घातले होते. आज एकही जात नव्हता. 'याक्सोक' म्हणजे वचन, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ते कार्डसुद्धा आज पुन्हा पुन्हा तळाशी जात होतं.

कार्डं बाबांनी दिलेली. शशिकांत गिरगावातल्या एका छापखान्यात बाइंडर होते. पाडव्याला संध्याकाळी घरी आले आणि "प्रेसमधली रद्दी आहे, घे तुला" म्हणून त्यांनी गठ्ठा तिच्या पुढ्यात ठेवला. जाड, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी कोरी कार्डं. तिला फार आनंद झाला होता. हनुमान जयंतीला मुलाकडच्यांचा मामाला फोन आला, लग्न मोडलं म्हणून. पोरीच्या कोरियनपायी मोडलं, हे चाळभर झालं. बाबा कुणालाही काही बोलले नाहीत. ते आपल्यामुळे मान खाली घालून चालतात, असं दर्शनाला वाटे. लग्न मोडण्यापेक्षा तेच तिला जास्त लागत होतं.

"पहिली पत्रिका देवापुढे ठेवून झालीय," आई पदरानं डोळे टिपत म्हणाली. "एकदा देवाला बोलावल्यावर मागं फिरायचं म्हणजे बरं दिसतं काय?"

"तेच म्हणतो मी, ताई. बाकीच्या पत्रिका कुठायत?"

"ह्यांच्या प्रेसमध्येच पडल्यात. आज आणतो, उद्या आणतो, असंच चाललंय यांचं."

"मग झालं तर. उद्यापासून वाटायला घेऊ."

दर्शनानं हातातला गठ्ठा मांडीवर आपटला. "मामा, मी रविवारी परीक्षेला बसणार. लग्न होऊ दे नाहीतर राहू दे. त्यांना सांग तसं."

"तुला कोण विचारतंय गं? लग्नाच्या गोष्टीत पोरींनी तोंड घालायचं नाही. भावोजी, तुम्ही बोला. तुम्ही हो म्हटलंत की विषय संपला."

सगळे शशिकांतकडे बघायला लागले. मामाशी भांडायला दर्शना पुरून उरली असती, आईचं रडणंही तिनं सोसलं असतं. पण बाबांच्या एका 'हो'पुढे आपलं काही चालणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

शशिकांत उठले. त्यांनी लेकीच्या हातातलं एक कार्ड घेतलं. कोपऱ्यात अंगठ्याचं नख घातलं आणि हळूच वर उचललं. वाळलेली खळ कडकड वाजली. कार्डाचे दोन पदर सुटले. आतल्या बाजूला सोनेरी अक्षरं होती. चि. सौ. कां. दर्शना.

"पत्रिका या इथं आहेत," ते म्हणाले. "सगळ्या. कापून, छापील बाजू आत घेऊन चिकटवल्या, म्हणजे तिला दोन्हीकडून लिहिता येतं. गणपतीचा भाग तेवढा वेगळा काढून ठेवलाय, चौपाटीवर विसर्जन करीन."

आईनं कपाळावर हात मारला. मामा मात्र कसलेला मध्यस्थ होता. त्यानं बशी खाली ठेवली आणि आवाज मऊ केला.

"असू दे, भावोजी. त्यांनी लग्न मोडलं, तुम्हाला राग आला, कापल्यात. बापाचं काळीज आहे. नव्या छापू. ते सगळं विसरायला तयार आहेत."

दर्शना ते सुटलेले दोन पदर हातात घेऊन बघत राहिली. मग तिनं मान वर केली.

"पण बाबा, ही कार्डं तुम्ही पाडव्याला आणलीत. श्रीखंडाचा हात लागून माझं पहिलं कार्ड फुकट गेलं होतं. त्यांचा फोन तर हनुमान जयंतीला आला."

शशिकांतनी खाटेवर बसून घेतलं. इतके दिवस खाली असलेली त्यांची मान आता सरळ होती.

"पाडव्याला सकाळी त्यांच्या वाट्याच्या पत्रिका द्यायला गेलो होतो. तेव्हाच त्यांनी ही अट घातली. घरी सांगितलं असतं, तर या बहीणभावांनी मला त्यांच्या पाया पडायला परत तिथंच नेलं असतं." मग ते मामाकडे वळले. "लग्न मी मोडून आलो होतो, हितेंद्र. त्यांनी नुसता फोन केला."