बापाचं खोगीर

ऑर्व्हिलनं केंटकीच्या रेसकोर्सवरून मेव्हण्याला, कर्टिसला, फोन लावला. गेल्या साली याच कर्टिसनं त्याला दारू पाजून पैजेत त्याच्या बापाचं खोगीर लाटलं होतं.

"दाजी, कशाला उन्हात मरताय? मी बघा, घरी सोफ्यावर लोळत पैसे लावलेत. शेवटचं वळण आलं, माझी घोडी सगळ्यांच्या पुढे आहे."

"ती हरणार. मी माझा ट्रक लावतो, तू खोगीर लाव."

"लावलं. पण तिकडे आरडाओरडा कसा नाही?"

"सगळ्यांचे श्वास अडकलेत," ऑर्व्हिल म्हणाला.

पाचवी आलेली ती घोडी त्याच्यासमोरून धापा टाकत परत चालली होती. घरच्या टीव्हीवर शर्यत मिनिटभर उशिरा पोचते, हे सोफ्यावर लोळणाऱ्याला कुठून कळणार.