आजीचं अक्षर

कल्पिताचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीस साली, तिची धाकटी बहीण मेघना बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. लग्नाला पाच महिने झाले होते. विठ्ठलवाडीच्या चाळीतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मेघना भरदुपारी तीस फॉर्म पसरून बसली आणि भांडी लावणाऱ्या आजीला तिने हाक मारली.

“आजी, हात पूस आणि ये. मला तुझं अक्षर पाहिजे.”

शांताबाईला वाटलं, पोरगी थट्टा करते. बावन्नाव्या वर्षी ती साक्षरतेच्या वर्गात बसली होती. तेव्हापासून तिने दुकानांच्या पाट्या वाचल्या, औषधांची पाकिटं वाचली, शिळा पेपर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचला. पण लिहून दे, असं तिला कधी कोणी म्हटलं नव्हतं. तिने पदराला दोनदा हात पुसले.

काम कॉलेजच्या प्रकल्पाचं होतं. विषय, निवृत्त कामगारांचं आरोग्य. सरांनी वर्गात सांगितलं होतं की माणसासमोर बसा, विचारा, आणि तो बोलेल तेच लिहा. मेघना चार घरी जाऊन आली होती. एकाने दार उघडलं नाही. दुसऱ्याला वाटलं, विमा विकायला आली. तिसरा म्हणाला, असे फॉर्म लय भरले, काय झालं? चौथा दोन तास मुलाबद्दल बोलत बसला. मग तिने पाच रंगांची पेनं आणली. निम्मे फॉर्म तिने स्वतःच भरले, काही डाव्या हाताने.

“तुझं अक्षर म्हाताऱ्या माणसासारखं येतं ना, खरं वाटेल,” ती म्हणाली. “मी सांगते तसं लिही. होय नाहीतर नाही, एवढंच.”

“आणि माणसं?”

“माणसं कशाला? टक्क्यांचा गोल, तो पाय चार्ट, काढून झालाय. बावीस नाही, आठ होय.”

“म्हणजे उत्तरं आधी आणि विचारायचं मागून?”

“अगं सगळेच असं करतात. सर कुठे वाचतात, नुसतं जाड किती ते बघतात.”

दाराशी खुर्चीवर बसलेला शांताबाईचा नवरा रामा हसला. डोंबिवलीच्या रंगाच्या कंपनीत त्याने तीस वर्षं काढली होती. “आजीला कॉलेजात घातलीस काय गं? आता जेवण कोण करणार?”

“तुम्ही,” शांताबाई म्हणाली आणि चष्मा लावला.

ती बोट ठेवून प्रश्न वाचायची, ओठ हलायचे, मग लिहायची. मेघना सांगून मोकळी व्हायची, पण वाचल्याशिवाय लिहिणं शांताबाईला जमत नव्हतं. अकरा फॉर्म झाले. बाराव्यावर नाव होतं तिच्या नवऱ्याचं.

“नावं संपली गं,” मेघना म्हणाली. “म्हणून आजोबांना घेतलं. लिही, नाही, नाही, नाही.”

शांताबाईने बोट ठेवलं. जिना चढताना दम लागतो का? पेन तसंच राहिलं. तिने मान वळवली.

“अहो, जिना चढताना दम लागतो का?”

“मी चढतोच कुठे?”

“म्हणजे?”

“खाली उतरलं तर चढायचं ना. उतरतच नाही.”

मेघना हसली. शांताबाई हसली नाही. कट्ट्यावरची माणसं आता राहिली नाहीत, असं रामा म्हणायचा. पेपर शेजारच्या गोविंदाकडून वर मागवायचा. लग्नाच्या हॉलमध्येही सगळे वर जेवायला गेले तेव्हा हा खाली चपला सांभाळत बसला होता, आणि तिने त्याला चार माणसांत टोकलं होतं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“तिथं असं लिहिलंय का, कधीपासून?”

तिने कागदावर पाहिलं. पुढचा प्रश्न तोच होता.

“होळीपासून,” रामा म्हणाला. मग नातीच्या तोंडाकडे बघून त्याने हात झटकला. “तू नाही लिही गं. पोरीचा तो गोल बिघडेल.”

“आजी, एक होय वाढला तर सगळे टक्के बदलतात. उद्या द्यायचंय.” मेघनाचा आवाज बारीक झाला होता. “आपण आजोबांना दाखवू ना डॉक्टरला. परीक्षा झाली की मी नेते.”

“परीक्षा होऊ दे,” रामा म्हणाला. “मी कुठे पळतोय?”

मग शांताबाईने ‘नाही’ असं लिहिलं. सावकाश, रेघेवर, वर्गात शिकवलं होतं तसं. फॉर्म तिने रामाच्या मांडीवर ठेवला.

“सही तरी तुमची तुम्ही करा.”

त्याने केली. तीस फॉर्मांत ती एकच सही खरी होती.

प्रकल्पाला पंचवीसपैकी बावीस गुण मिळाले. परीक्षा झाली. मग कल्पिता माहेरपणाला आली, घरात पाहुणे होते. ती गेल्यावर शांताबाईने दवाखान्याचा दिवस ठरवला, सोमवार.

त्याआधीच्या शुक्रवारी ती नळावर असताना रामा कोणाला न सांगता दाढी करायला खाली उतरला. दाढी करून परत निघाला. डिसेंबरच्या आठ तारखेला, सकाळी साडेदहाला, जिन्याच्या सहाव्या पायरीवर तो गेला. जिना अकरा पायऱ्यांचा आहे.