पेटीपर्यंतची पावलं

सात वाजून दहा मिनिटं झाली, तरी लेम्पीच्या दारापासून पावलं उमटली नव्हती.

आर्वो कांगस पलंगावरूनच खिडकीबाहेर बघत होता. रात्रभर बर्फ पडून अंगणाची पाटी कोरी झाली होती. रस्त्यापलीकडे एकाच खांबावर दोघांच्या टपालपेट्या, एक त्याची, एक शेजारणीची, लेम्पीची. मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला एकट्या म्हाताऱ्यांची हीच हजेरी असते. सकाळी पेटीपर्यंत जाऊन यायचं. पावलं दिसली की माणूस ठीक आहे. सातपर्यंत दिसली नाहीत, तर शेजाऱ्याने दार ठोठावायचं. उन्हाळ्यात पडदा सारलेला दिसला की पुरे, पण उन्हाळा तिथे पाहुण्यासारखा येतो.

लेम्पी साडेसहाला बाहेर पडायची. रविवारी टपाल येत नाही, तरी पडायची. आर्वोचा नियम होता, आधी तिची पावलं बघायची, मग उठून आपली काढायची. त्याच्या मते यालाच शेजारधर्म म्हणतात.

उद्या सोमवारी घराचा दलाल यायचा होता. सही केली की घर गेलं आणि आर्वो वाळवंटातल्या फिनिक्सला, मुलीकडे. तीन महिने खपून त्याने यादी केली होती. ती फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावली होती. डावीकडे फायदे: मुलगी मार्लिस, दोन नातवंडं, बर्फ उपसणं नाही, गुडघे. मार्लिसने फोनवरून आणखी एक लिहायला लावला होता, बटण. तिने बघितलेल्या वृद्धांच्या वसाहतीत रोज सकाळी भिंतीवरचं बटण दाबायचं. दाबलं नाही, तर माणूस बघायला येतो. उजवीकडे तोटे: उन्हाळ्यात डांबर इतकं तापतं की कुत्र्यांना बूट घालतात. तळं नाही, म्हणजे हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे धरणं नाही. सॉना, म्हणजे घाम काढायची तापलेली खोली, मात्र त्याने दोन्हीकडे लिहिला होता, कारण तिकडे दार उघडलं की सॉनाच.

लेम्पी दर शनिवारी वेलचीचा पाव घेऊन यायची आणि चष्मा लावून यादी वाचायची. "मासे धरायला भोक कशाला पाडणार रे तिकडे, वाळूला?" असं विचारून हसायची. तोट्यांतली शेवटची ओळ तिच्या नजरेला पडू नये म्हणून आर्वोने कागद खालून दुमडला होता. त्या ओळीवर सगळं अडलं होतं. बाकीचे तोटे त्याने केव्हाच गिळले होते.

सव्वासात. आर्वो उठला. कोट राहिला, बूट राहिले. घरातल्या सपाता घालूनच तो गुडघाभर बर्फातून धावला. एकोणऐंशीव्या वर्षी त्याला धावणं म्हणावं की नाही हा प्रश्नच आहे, पण जीव मुठीत होता. दार त्याने दोन्ही मुठींनी बडवलं.

दाराला कडी लावलेली नव्हती; ते उघडलं. लेम्पी टेबलाशी बसून कॉफी पीत होती. समोर दुसरा कप भरून ठेवला होता.

"पंधरा मिनिटं उशीर," ती म्हणाली. "सपाता काढ, लादी ओली होतेय."

"अगं बये, मला वाटलं तू गेलीस!"

"मी कुठे जातेय? जायचं तुला आहे." तिने साखर त्याच्याकडे सरकवली. "काल पाव ठेवताना तुझ्या कागदाची दुमड उघडली मी. 'लेम्पीला कोण बघणार?' म्हणे. शहाणाच आहेस. माझी भाची रोज सहाला फोन करते. रात्रपाळीहून सुटली की पहिला फोन मला. दहा-बारा वर्षं झाली. माझी पावलं कुणी मोजायची गरजच नव्हती."

आर्वोला काही समजेना. त्याच्या मोज्यांतून पाणी गळत होतं.

"मग रोज मरायला बाहेर कशाला यायचीस? रविवारीसुद्धा?"

लेम्पीने खिडकीकडे बघितलं. तिथून त्याची झोपायची खोली समोर दिसत होती.

"तुझी बायको एल्मा गेली त्या हिवाळ्यात तू दुपारपर्यंत पडून असायचास. एक दिवस मी पेटीपर्यंत गेले, तर पाच मिनिटांत तू बाहेर. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेले. परत तेच. नऊ वर्षं झाली. फिनिक्सला माझी पावलं नसतील. ती नसताना तू उठतोस का, तेवढं बघायचं होतं. उठलास की. जा आता खुशाल."

आर्वोने कॉफी संपवली. त्याला रडू येत होतं आणि लाजही वाटत होती. मग तो तिच्या नवऱ्याचे जुने बूट घालून घरी आला आणि यादीतली शेवटची ओळ त्याने खोडली.

दुपारी मार्लिसचा फोन आला.

"काय ठरलं, बाबा? लेम्पीमावशीचं काय?"

"तिला बघायला माणूस आहे. ते खोडलं मी."

"मग झालं तर! आता तोटा उरलाच नाही."

"मी येत नाही, मार्लिस."

"अहो बाबा, इथे बटण आहे, डॉक्टर आहे, मी आहे..."

"तू आहेसच गं. दर हिवाळ्यात महिनाभर येईन. पण बटण उठल्यावर दाबायचं असतं. उठायचं कशासाठी, ते त्याला माहीत नसतं."

सोमवारी साडेसहाला लेम्पीने कोट चढवून दार उघडलं. रात्री पडलेल्या नव्या बर्फात आर्वोच्या दारापासून पेटीपर्यंत पावलांची एक ओळ आधीच गेली होती, आणि तिथून वळून ती थेट तिच्या पायरीपर्यंत आली होती.