दोन ठोक्यांचं नाव

नाव पूर्ण व्हायच्या आत माणिकरावांचा हात थांबला. 'जे' गेलं, 'वाय' गेलं आणि 'क्यू'च्या अर्ध्यावर बोटं ओल्या फडक्यासारखी टेबलावर पडली. तेवढ्यात दुसऱ्याच कुणीतरी आपलं नाव ठोकून बोलणं सुरूही केलं.

"काऊन, झालं नाही का?" बेबीताईंनी वांगी चिरता चिरता आतून विचारलं.

"गेली गाडी," माणिकराव म्हणाले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचे शब्द तोंडातच विरघळायचे, पण बायकोला सवय होती.

लोणारच्या त्या घराच्या गच्चीवरून शेजारच्या कडुनिंबापर्यंत तार ताणलेली होती. एस.टी. डेपोत वायरमन असतानाच माणिकरावांनी हौशी रेडिओचा परवाना काढला आणि घरबसल्या मुलुखभर गप्पा मारल्या. मग झटका आला, जीभ जड झाली, माइक सुटला. राहिली ती मोर्सची पट्टी. टिंब आणि रेघ, बोटानं ठोकायचं. पण हवेत शिरायचं तर आधी सरकारनं दिलेलं आपलं नाव सांगावं लागतं, दर वेळी. त्याचा पुढचा भाग देशाचा, तो सगळ्यांना सारखा. मागची अक्षरं ज्याची त्याची. माणिकरावांची जे-वाय-क्यू. बारा ठोके, त्यातही रेघाच फार. नाव सांगण्यातच हात दमायचा, बोलायला काही उरायचं नाही. छोटं नाव मिळालं नाही, तर लवकरच ते या खोलीत नुसते ऐकणारे उरणार होते.

छोटं नाव म्हणजे शालिग्रामचं. ई-टी. एक टिंब, एक रेघ, संपलं.

शालिग्राम मूळचे साखरखेर्ड्याचे, आता रायपूरला मुलाकडे. इकडच्या सगळ्या रेडिओवाल्यांचे गुरू. शेवटची रेघ ते अशी लांबवायचे, जसा दारात उभा राहिलेला पाहुणा निघता निघत नाही. नावाच्या आधी हात ओळखू यायचा. फोन नंबर त्यांनी कुणालाच दिला नव्हता. "बोलायचं असन तर हवेत या. फोनवर तं व्याहीही बोलते." त्यांचा आणखी एक कडक नेम होता. ज्याच्याजवळ नाव नाही, त्यानं पट्टीला बोट लावायचं नाही. ऐकायचं, पण गप.

माणिकरावांनी एकदा गमतीत म्हटलं होतं, "तुमचं नाव मले देऊन टाका."

"मी मेल्यावर घेजो बे," असं उत्तर आलं होतं, लांबलचक रेघेसकट.

शेवटी देऊळघाटच्या रेडिओवाल्या दीपकनं दिल्लीला अर्ज करून दिला. अक्षरं कोणतीही द्या, फक्त हाताला हलकी द्या. रविवारच्या हवेतल्या गप्पांत त्यानं ते सगळ्यांना सांगितलंही. पुढच्या रविवारी शालिग्राम आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. थंडीत त्यांना दम लागायचा, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

मग दिल्लीचं उत्तर आलं. ई-टी.

माणिकरावांनी कागद उलटा करून ठेवला. "शालिग्रामभाऊ गेले," ते म्हणाले.

"कोण म्हणे?"

"दोन अक्षरांचं नाव जित्ता माणूस सोडत नाही, बेबी."

बेबीताईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

रेडिओवाल्यांत कुणी गेलं, की त्याची पट्टी शांत झाली म्हणतात. रविवारी सगळ्यांनी शालिग्रामसाठी मिनिटभर आपापल्या पट्ट्या शांत ठेवल्या. मग एकेक जण बोलला. दीपक म्हणाला, "माणूस सोन्यासारखा, पण कंजूस. कपडे वाळवायच्या तारेवरच त्यानं अँटेना भागवली. आवाज साफ आला, की समजायचं, वहिनीनं गोधड्या काढल्या."

माणिकरावांच्यानं मात्र नवं नाव लाववेना. जुनं तर दिल्लीला जमा झालेलं, मागेल त्याला मिळणारं.

"मेलेल्या माणसाच्या चपला घातल्यासारखं वाटते," ते म्हणाले.

"मंग राहा अनवाणी," बेबीताई म्हणाल्या. "त्यायनंच शिकवलं, त्यायचंच नाव. पोरगं बापाचं नाव लावत नाही का? अन् तुम्ही असे मुक्यावानी बसले, की माह्या डोक्याले ताप. भाजीत मीठ कमी झालं, तरी बोलून नाही राह्यले." एवढं बोलून त्यांनी पट्टीवरची धूळ पदरानं पुसली.

सकाळचा चहा झाल्यावर माणिकरावांनी बोट टेकवलं. आधी देशाचा भाग. मग टिंब. मग रेघ. नाव संपलं आणि हातात अजून जोर होता. त्यांनी पुन्हा ठोकलं. मग उगाचच आणखी एकदा, नव्या सायकलची घंटी वाजवावी तसं. चेहऱ्याची लुळी बाजूसुद्धा थोडी हसली. बेबीताई दाराला टेकून बघत होत्या.

तेवढ्यात खरखरीतून कुणीतरी उत्तर दिलं. आधी देशाचा भाग. मग 'जे'. मग 'वाय'.

माणिकराव ताठ झाले. हे तर त्यांचंच जुनं नाव.

मग 'क्यू'. आणि 'क्यू'ची शेवटची रेघ, दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखी, निघता निघेना.

"कोण हाये जी?" बेबीताईंनी विचारलं.

माणिकरावांचे नुसते ओठ हलत होते. रेडिओ वाजेल तसं ते एकेक अक्षर जुळवत होते.

"शोकसभा ऐकली. नाव नव्हतं, म्हणून गप होतो. कंजूस कोण म्हणलं बे?"