एकाच टोपातलं

हिरामणने जासईच्या मिठागरात चाळीस वर्षं मीठ पिकवलं, आणि आता महिनाभर त्याच्याच ताटात कालवण अळणी येत होतं.

“येकाच टोपातलं हाय,” त्याची बायको गोजरा ठसक्यात म्हणायची. “नावडतीचं मीठ आळनी, दुसरं काय!”

शेवटी त्याने नववीतल्या लेकीला, हेमलताला, पंच नेमलं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे आयन सुटे होतात आणि त्यातून वीज वाहते, हे तिला शाळेत नुकतंच शिकवलं होतं. तिने ट्रान्झिस्टरचे सहा सेल काढले, तारांना बारकासा दिवा जोडला आणि मोकळी टोकं आईच्या वाटीत बुडवली. दिवा लागला.

“आता माजी वाटी!” हिरामण सरसावून बसला.

त्याच्या वाटीत दिवा काही लागेना. हेमलताने मान वर केली. बाबांच्या पाठीमागे आई हात जोडून उभी होती आणि डोळ्यांनी कोनाड्यातल्या त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दाखवत होती.

“सेल संपले, बाबा,” हेमलता म्हणाली.

हिरामणने सेल गोळा केले, ट्रान्झिस्टरमध्ये भरले आणि बटण फिरवलं. बातम्या खणखणीत लागल्या. मायलेकी जमिनीकडे बघत राहिल्या.

त्याने एकदा कोनाड्यातल्या गोळ्यांकडे पाहिलं, वाटी तोंडाला लावून रिकामी केली आणि मिशा पुसल्या.

“मीठ जरा जास्तच परलंय गो, गोजरे. उद्या कमी घाल.”