चालून बघितलेली वाट

"रविवारी अभयारण्यात जाऊ या ना, बाबा. तळ्यापर्यंत सोपी वाट आहे," मुक्ता म्हणाली.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आठ महिने बाबा घराबाहेर पडले नव्हते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मध्येच पाय थकले तर, ही त्यांची भीती तिला ठाऊक होती. तिने वनखात्याच्या चौकीत फोन करून सगळं सांगितलं आणि वाटेत बसायला जागा आहे का, ते विचारलं.

"बघून सांगतो," वनरक्षक म्हणाला.

तासाभराने त्याचाच फोन आला. मुक्ताने स्पीकर लावला.

"ताई, तळ्यापर्यंत जाऊन आलो. तुमच्या बाबांसारखा काठी टेकत, हळूहळू चाललो. दोन बाक आहेत, पण मधलं अंतर जास्त वाटलं. तिथे रविवारी चौकीतली खुर्ची नेऊन ठेवतो. आठपर्यंत या, सावली असते."

बाबांनी फोनसाठी हात पुढे केला. जीभ अडखळते म्हणून ते परक्यांशी बोलणं टाळत. "येतो आम्ही," ते कसंबसं म्हणाले आणि मग बराच वेळ 'उपकार' हा एकच शब्द जुळवत राहिले.

शब्द पूर्ण होईपर्यंत पलीकडचा माणूस थांबला.

"या काका," तो म्हणाला, "वाट बघतो."